दात उपटण्याचे दिवस

१९१५ साली अमेरिकेत 'हाऊ टू लिव्ह' नावाचं पुस्तक निघालं. कसं जगावं आणि जास्त कसं जगावं, हे सांगणारं. लेखक दोघे: येल विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक अर्व्हिंग फिशर आणि डॉक्टर यूजीन लायमन फिस्क. प्रस्तावना माजी राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांची. मोकळी हवा घ्या, सावकाश जेवा, ताठ बसा अशा नियमांच्या यादीत दात, हिरड्या आणि जीभ स्वच्छ ठेवा, हाही एक नियम होता. फिशर यांना १८९८ मध्ये क्षयाने गाठलं होतं. त्यातून उठल्यावर आरोग्य हा त्यांचा दुसरा धर्मच झाला. १९१३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने 'लाइफ एक्स्टेन्शन इन्स्टिट्यूट' ही संस्था उभी राहिली. आयुष्य लांबवण्याचा वायदा तिच्या नावातच होता. विमा कंपन्यांनी तिला हात दिला, कारण विमेदार जितका उशिरा मरेल तितकं कंपनीचं भलं.

पुस्तक निघाल्यावर चार वर्षांनी, १९१९ च्या नोव्हेंबरात, फिशर यांची मुलगी मार्गारेट न्यू जर्सी राज्यातल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयात वारली. वय पंचविशीचं. तिच्या वेडाचं मूळ शरीरात दडून बसलेल्या जंतूंमध्ये आहे, असं तिथल्या अधीक्षकांचं ठाम मत होतं. त्यांनी तिचे दात काढले, गर्भाशयाच्या मुखावर शस्त्रक्रिया केली, मोठ्या आतड्याचा भाग कापून टाकला. शेवटी ती गेली स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गाने. एवढं होऊनही फिशर त्या अधीक्षकांचे समर्थकच राहिले.

फिशर यांना भोळसट ठरवणं सोपं आहे. १९२९ मध्ये शेअर बाजाराने आता कायमचं उंच पठार गाठलं आहे असं सांगणारे ते हेच गृहस्थ, आणि त्यानंतर काही दिवसांतच बाजार कोसळला. पण ट्रेंटनच्या बाबतीत ते एकटे नव्हते. त्या काळी उत्तम समजलं जाणारं वैद्यक त्यांच्या मागे उभं होतं.

लपलेल्या जंतूंच्या या विचाराची सुरुवात बर्लिनमध्ये झाली. विलोबी डेटन मिलर हा ओहायोचा माणूस तिथे दंतवैद्यकी करत होता. रॉबर्ट कॉख यांच्या जंतुशास्त्राचा तो भराचा काळ. मिलरने तीच नजर माणसाच्या तोंडाकडे वळवली आणि १८९० मध्ये तोंडातल्या सूक्ष्मजीवांवर ग्रंथ लिहिला. पुढच्याच वर्षी त्याने एका लेखात मांडलं की तोंड हे संसर्गाचं केंद्र असू शकतं, तिथले जंतू आणि त्यांची विषं शरीरात दूरवर रोग उठवू शकतात. दात उपटून टाका, असं मात्र तो म्हणत नव्हता. दाताच्या मुळातली पोकळी साफ करून भरा, इतकंच त्याचं सांगणं.

तो विचार उचलला लंडनच्या डॉक्टर विल्यम हंटर यांनी, आणि त्यांच्या हाती त्याला धार आली. १९०० मध्ये त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं की तोंडातला पू हे असंख्य रोगांचं कारण आहे आणि डॉक्टर त्याकडे काणाडोळा करत आहेत. ऑक्टोबर १९१० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ते वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे बोलायला उभे राहिले. श्रीमंतांच्या तोंडात त्या वेळी सोन्याच्या कॅपा, सोन्याचे पूल, सोन्याचं भरण यांची चलती होती. हंटर यांनी पाहिलं होतं की या झगमगाटाखाली किडकी मुळं आणि सडलेल्या हिरड्या तशाच ठेवलेल्या असतात. कारागिरी वर, घाण खाली. पुवाच्या ढिगावर बांधलेली सोन्याची समाधी, अशा अर्थाची त्यांची उपमा अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर गाजली. दंतवैद्य दुखावले, डॉक्टर खूश झाले.

हंटर जे पाहत होते ते खोटं नव्हतं. त्यातून काढलेलं अनुमान मात्र तपासून पाहावं लागेल. त्यांचा खास अभ्यास होता पर्निशियस ॲनिमियाचा, म्हणजे माणसाला हळूहळू रक्तहीन करून मारणाऱ्या पांडुरोगाचा. या रोग्यांची जीभ लाल, गुळगुळीत आणि झोंबणारी होते, हे त्यांनी बारकाईने नोंदवलं. ती खूण आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. तोंडातली घाण रोज पोटात जाते, तिथून विष भिनतं आणि रक्त नासतं, असा त्यांचा हिशेब होता. पुढे १९२६ मध्ये बॉस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी अशा रोग्यांना काळीज, म्हणजे यकृत, खाऊ घालून बरं केलं. १९४८ मध्ये त्यातलं ब-१२ जीवनसत्त्व हाती लागलं. जीभ बिघडत होती ती त्याच्या अभावाने, जसं रक्त बिघडत होतं तसंच. हंटर यांनी एका परिणामाला दुसऱ्या परिणामाचं कारण मानलं होतं. ही गफलत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढची शंभर वर्षं ती या विषयाचा पिच्छा सोडत नाही.

मॉन्ट्रियलच्या भाषणाला अमेरिकेत तयार जमीन मिळाली. शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं अध्यक्षपद भूषवलेले वजनदार डॉक्टर. सांधेदुखी, मूत्रपिंडाचे विकार, हृदयाचे आजार या सगळ्यांमागे दात किंवा टॉन्सिल यांच्यातला लपलेला संसर्ग असतो, असं ते शिकवू लागले. १९१६ मध्ये त्यांचं 'फोकल इन्फेक्शन' हे पुस्तक आलं. त्यांचे सहकारी एडवर्ड रोझेनाव यांनी तर प्रयोगच दाखवले: सांधेदुखीच्या रोग्याच्या दातातले जंतू सशाला टोचले की त्याचेही सांधे धरतात, पोटातल्या व्रणाच्या रोग्याचे टोचले की सशाच्या पोटात व्रण. ते लवकरच मेयो क्लिनिकमध्ये गेले, म्हणजे सिद्धान्तावर आणखी एक मोठा शिक्का बसला. इतरांना हे प्रयोग तसे साधेनात, पण ते कळायला वेळ लागला. तोवर क्ष-किरणांच्या छायाचित्रांत दाताच्या मुळाशी दिसणारी प्रत्येक सावली गुन्हेगार ठरू लागली होती. दुखणं गुडघ्याचं आणि चिमटा दाढेला: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मज्जा मेलेला एकूण एक दात काढलाच पाहिजे, असं मानणाऱ्या दंतवैद्यांना 'हंड्रेड पर्सेंटर' म्हणत. दात काढूनही सांधे सुटत नसले तर उरलेले काढायचे. मग सुक्याबरोबर ओलंही गेलं आणि धडधाकट माणसांच्या तोंडाचं बोळकं झालं.

या धामधुमीत एक साधी वाट मागे पडली. कनेटिकटमधल्या हार्टफर्डचे दंतवैद्य जॉन रिग्ज, ज्यांनी १८४४ मध्ये होरेस वेल्स यांची दाढ नायट्रस ऑक्साइडच्या गुंगीत काढली होती, तेच आयुष्याच्या उत्तरार्धात हिरड्यांच्या आजारामागे लागले. ज्याला आपण पायोरिया म्हणत आलो त्याला अमेरिकेत काही काळ 'रिग्जचा आजार' म्हणत. दाताच्या मुळावर बसलेलं किटण हिरडीखाली हत्यार घालून खरवडून काढा, दात वाचतो, असं ते सांगत. आजचा दंतवैद्य साधारण तेच करतो. पण खरवडण्यात नाट्य नाही. शिवाय त्याने गुडघे बरे होतील, वेड जाईल, असं रिग्ज म्हणत नव्हते.

वेड जाईल, असं म्हणणारे होते हेन्री कॉटन. १९०७ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, ते ट्रेंटनचे अधीक्षक झाले. नामवंत मनोविकारतज्ज्ञ ॲडॉल्फ मायर यांच्या हाताखाली शिकलेले, जर्मनीत क्रेपेलिन आणि आल्झायमर यांच्याकडे जाऊन आलेले. आल्याबरोबर त्यांनी रोग्यांना जखडून ठेवणारी साधनं बंद केली. म्हणजे कथेतला खलनायक सुधारक म्हणून प्रवेश करतो आणि हीच या गोष्टीतली अडचण आहे. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी वेडाच्या एका प्रकारात मृतांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवून दिले होते. एक वेड जंतूंमुळे होतं हे सिद्ध झालं. मग बाकीची का नसतील? प्रश्न चुकीचा नव्हता. कॉटन यांनी तो विचारायच्या आधीच उत्तर देऊन टाकलं.

१९१६ च्या सुमारास दातांपासून सुरुवात झाली. हजारो दात निघाले. दात काढून फरक पडला नाही तर टॉन्सिल, मग सायनस, मग जठर, गर्भाशयाचं मुख आणि सरतेशेवटी मोठं आतडं. एका जागी जंतू नाहीत, याचा अर्थ ते दुसऱ्या जागी आहेत. या तर्काला शेवटच नसतो, कारण माणसाच्या शरीरात जंतू नसलेली जागा शोधणंच मुश्कील. १९२१ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने कॉटन यांना व्याख्यानांना बोलावलं. त्यांचं पुस्तक झालं, त्याला मायर यांनी प्रस्तावना लिहिली. शंभरातले पंच्याऐंशी रोगी बरे होतात, असा कॉटन यांचा दावा होता. आतड्याच्या शस्त्रक्रियेत शंभरातले तीसेक दगावतात, हेही ते स्वतःच सांगत. रोगी आधीच खंगलेले असतात, हे त्यावरचं स्पष्टीकरण. पेनिसिलिन अजून यायचं होतं. नातेवाईक मात्र दुरून आपली माणसं घेऊन येत. इतर वेड्यांच्या इस्पितळांत फक्त कुलूप होतं, इथे निदान इलाज होता. कॉटन यांनी स्वतःचे दात काढून घेतले होते, आपल्या दोन मुलांचेही. ढोंग असतं तर गोष्ट इतकी लांबली नसती.

वास्तविक उत्तर तेव्हाच मिळालं होतं. न्यूयॉर्कमध्ये निकोलस कोपेलॉफ आणि क्लॅरेन्स चेनी यांनी १९२२ च्या सुमारास एक सोपी गोष्ट केली. सारख्या रोग्यांचे दोन गट पाडले. एका गटाचे दात-टॉन्सिल काढले, दुसऱ्याचे ठेवले आणि दोघांकडे सारखंच लक्ष दिलं. फरक आढळला नाही. काही रोगी आपसूक सुधारतात, ते दोन्ही गटांत सुधारले. कॉटन यांच्याकडे तुलनेचा गट नव्हता. त्यांच्याकडे होती फक्त बरं झालेल्यांची यादी, आणि ती यादीही कशी तयार झाली ते पुढे बाहेर आलं.

१९२४ मध्ये मायर यांनी जॉन्स हॉपकिन्समधून फिलिस ग्रीनेकर या तरुण डॉक्टरणीला चौकशीसाठी ट्रेंटनला पाठवलं. तिला दिसलं की नोंदी अंदाधुंद आहेत. वॉर्डांमधून बिनदाताची माणसं बसलेली, कवळ्या कोणी दिलेल्या नाहीत, त्यामुळे जेवण चावता येत नाही, त्यामुळे अपचन आणि उपासमार. तिने चिकाटीने रोगी शोधून काढले, त्यांच्या घरी गेली आणि हिशेब मांडला. आतड्याच्या शस्त्रक्रियेतले मृत्यू कॉटन सांगत त्याहून कितीतरी अधिक निघाले. ज्यांच्यावर सर्वांत कसून उपचार झाले त्यांची गत सर्वांत वाईट होती, कमीत कमी उपचार झालेले त्यातल्या त्यात बरे होते. दरम्यान १९२५ मध्ये राज्याच्या सिनेटच्या समितीपुढे साक्षी सुरू झाल्या आणि त्या ताणात कॉटन स्वतः कोलमडले.

ग्रीनेकर यांचा अहवाल प्रसिद्ध झाला नाही. मायर यांनी तो दाबून ठेवला आणि तिलाही गप्प राहायला सांगितलं. कॉटन पुन्हा कामावर आले. १९३३ मध्ये ते हृदयविकाराने वारले तेव्हा मायर यांनी त्यांच्यावर गौरवपर मृत्युलेख लिहिला. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू स्कल यांनी वयोवृद्ध ग्रीनेकर यांना गाठून हा सारा इतिहास 'मॅडहाऊस' या पुस्तकात २००५ मध्ये मांडला. मला यातलं मायर यांचं वागणं कॉटन यांच्यापेक्षा जास्त डाचतं. कॉटन यांना दिसत नव्हतं. मायर यांच्या टेबलावर आकडे होते.

सिद्धान्ताची पडझड मात्र ट्रेंटनमुळे झाली नाही, संधिवाताच्या दवाखान्यांतून झाली. न्यूयॉर्कचे रसेल सेसिल हे एकेकाळी याच मताचे. १९३८ मध्ये त्यांनी अँजेविन यांच्यासह संधिवाताच्या २०० रोग्यांचा आढावा घेतला आणि दात-टॉन्सिल काढून काही साधत नाही, असं जाहीर केलं. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा आढावा असा छापणं सोपं नसतं. १९४० मध्ये रीमन आणि हॅवन्स यांनी सरसकट दात काढण्याविरुद्ध सविस्तर लेख लिहिला आणि त्यानंतर ही लाट ओसरली.

ओसरताना तिने एक खरा दाणाही वाहून नेला. १९३५ मध्ये ओकेल आणि इलियट यांनी लंडनमध्ये १३८ माणसांचं दात काढल्यानंतरचं रक्त तपासलं. ६१ टक्क्यांच्या रक्तात स्ट्रेप्टोकोकस सापडले. हिरड्या फार बिघडलेल्या काहींच्या रक्तात तर दात न काढताही ते सापडले. निरोगी माणसात ते थोड्या वेळात नाहीसे होतात, हृदयाच्या झडपा आधीच खराब असतील तर तिथे घर करू शकतात. म्हणजे तोंडातून रक्तात वाट आहे, हे पक्कं होतं. पण दात उपटण्याच्या नादाने बदनाम झालेल्या विषयाला हात कोण लावणार? हृदयाच्या झडपांपुरतं ते ज्ञान उरलं. बाकी तोंड दंतवैद्याकडे आणि शरीर डॉक्टरकडे, अशी वाटणी झाली. आजही डॉक्टर जीभ बघतात, घसा बघतात आणि मधले दात ओलांडून जातात.

विषय परतला तो वेगळ्या वाटेने. डेन्मार्कमधल्या ऑर्हूसला हाराल्ड लो यांनी बारा निरोगी लोकांना, त्यात बहुतेक दंतवैद्यकीचे विद्यार्थी, दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू करताच आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. १९६५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. हिरड्यांची सूज कशाने येते, हा वाद मिटला. ती सूज पुढे हाड खात कशी जाते, हे पाहायला लो यांना अशी माणसं हवी होती ज्यांच्या दातांना ब्रश आणि दंतवैद्य दोन्ही कधी लागले नव्हते. ती श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांवर मिळाली. १९७० पासून पंधरा वर्षं ४८० मजुरांचे दात पुन्हा पुन्हा मोजले गेले. तोंडं सगळ्यांचीच किटणाने भरलेली, हिरड्या सगळ्यांच्याच सुजलेल्या. तरीही ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला आणि चाळिशी उलटेपर्यंत तोंड रिकामं झालं. ८१ टक्क्यांचा सावकाश वाढला. ११ टक्क्यांचा सुजेपलीकडे गेलाच नाही. घाण तीच असताना कोणाचं शरीर हाड गमावतं आणि कोणाचं टिकवतं. मग एखाद्याच्या हिरड्या आणि हृदय दोन्ही बिघडलेली दिसली, तर हिरड्यांनी हृदय बिघडवलं, की दोघांनाही त्याच्या शरीरातलं तिसरंच काही बिघडवत आहे? हंटर यांची लाल जीभ पुन्हा समोर येते.

मजुरांच्या पदरात या अभ्यासातून काय पडलं, हा प्रश्नही राहतोच. त्यांच्या आजाराचा नैसर्गिक प्रवास पाहायचा होता.

१९८९ मध्ये हेलसिंकीच्या किम्मो माटिला यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या १०० जणांचे दात आणि शहरातल्या इतर १०२ जणांचे दात तुलनेला घेतले. झटका आलेल्यांचे दात जास्त खराब निघाले. हंटर यांच्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी तोंड आणि हृदय एका वाक्यात परत आले, या वेळी तुलनेच्या गटासह. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ९,७६० लोकांच्या पाठपुराव्यात पायोरिया असलेल्यांना हृदयरोगाचा धोका २५ टक्के जास्त आढळला. ॲरिझोनातल्या हीला नदीकाठच्या पिमा लोकांमध्ये मधुमेह फार. त्यांच्यातल्या ६२८ मधुमेहींना सुमारे अकरा वर्षं पाहिलं गेलं. त्यात २०४ वारले. ज्यांचा हिरड्यांचा आजार गंभीर होता त्यांच्यात हृदय आणि मूत्रपिंडाच्या विकाराने येणारा मृत्यू इतरांच्या ३.२ पट होता, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. हिरड्यांचा आजार आणि आयुष्य यांचा संबंध सांगणाऱ्या बातम्या येतात त्या अशा अभ्यासांमधून.

पण हा संबंध आहे, कारण नव्हे. सिगारेट हिरड्याही खाते आणि धमन्याही. गरिबीचंही तसंच. सिॲटलच्या फिलिप ह्युजोएल यांनी यावर २००१ मध्ये एक मजेशीर युक्ती लढवली. हिरड्यांमधले जंतू हृदयाला मारत असतील, तर सगळेच दात काढलेल्या माणसांना तो धोका उरायला नको. अमेरिकेत असे बोळक्या तोंडाचे लोक भरपूर होते. आकडे आयतेच मिळाले. हिरड्या सडलेल्यांपेक्षा त्यांचा धोका कमी नव्हता. ट्रेंटनच्या इलाजाचा निकाल, ऐंशी वर्षं उशिरा, माणसांना हात न लावता लागला. पूर्वी बसलेला फटका दात काढून पुसत नसेल, असा बचाव यावर करता येतो आणि तो केलाही गेला.

नवी वाट दात ठेवून साफसफाई करण्याची, म्हणजे रिग्ज यांची. २००७ मध्ये लंडनच्या ईस्टमन संस्थेत मॉरिझिओ टोनेटी आणि सहकाऱ्यांनी गंभीर पायोरियाच्या १२० रोग्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एकाची कसून सफाई केली. दुसऱ्याच दिवशी त्या गटाच्या रक्तवाहिन्या ताठरल्या आणि शरीरभर दाह वाढला, म्हणजे खरवडलेले जंतू रक्तात गेले असणार. सहा महिन्यांनी मात्र त्यांच्या वाहिन्या दुसऱ्या गटापेक्षा चांगल्या पसरत होत्या. मधुमेहाचं उत्तर दोन तोंडांनी आलं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ५१४ रोग्यांच्या चाचणीत सफाईने रक्तातली साखर हलली नाही. हिरड्याच नीट साफ झाल्या नव्हत्या, असा आक्षेप निघाला. २०१८ मध्ये लंडनच्या २६४ रोग्यांच्या चाचणीत वर्षभर कसून उपचार केलेल्या गटाचं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेचं दीर्घ मुदतीचं माप, दुसऱ्या गटापेक्षा ०.६ टक्क्यांनी कमी राहिलं, साधारण एखादं जादा औषध दिल्यावर येतं तेवढं. घरोघर मधुमेह असलेल्या आपल्याकडे तरी ही बातमी हृदयाच्या बातमीपेक्षा मोठी ठरायला हवी होती.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा चाळला आणि संबंध मान्य करून कारण अमान्य केलं. हिरड्यांवर उपचार केल्याने माणूस जास्त जगतो, असं कोणत्याही चाचणीने आजवर दाखवलेलं नाही. दाखवायचं तर हजारो माणसं दोन-तीन दशकं पाहावी लागतील आणि त्यातल्या अर्ध्यांच्या सडत्या हिरड्यांना तेवढा काळ जाणूनबुजून हात लावायचा नाही. श्रीलंकेच्या मळ्यांवर १९७० मध्ये जे चाललं, ते आज कोणतीही नीतिसमिती मंजूर करणार नाही.